खोकली आणि मांजर : शेतांतील एका तणाचा अभ्यास

शेतकऱ्याचें तणाशीं नातें साधारणतः वैराचें असतें. जें पेरलें नाहीं तें उगवलें कीं उपटावयाचें, एवढीच त्याची ओळख. परंतु कांहीं तणें अशीं आहेत कीं त्यांची पुरती ओळख नसतां त्यांस निव्वळ केर समजणें, किंवा त्याहून वाईट म्हणजे घरचें औषध समजून पोटांत घेणें, हीं दोन्ही अहिताचीं होत. 'खोकली' हें त्यांपैकीं एक तण आहे. आपल्या परभणी जिल्ह्यांत गोदाकांठच्या काळ्या रानापासून जिंतूरच्या माळापर्यंत तें सर्वत्र आढळतें; आणि तरीही त्याचा एक गुण फार थोड्या शेतकऱ्यांनीं लक्षपूर्वक पाहिला असेल. तो गुण हा कीं, त्याचें मूळ उपटून टाकलें असतां मांजर त्यावर येऊन लोळूं लागतें.

या विषयाकडे वळण्यास एक ताजें निमित्तही आहे. 'कॅटनिप' नांवाच्या विलायती झाडाचें बी शहरांतून विकलें जातें, त्याचा वाळलेला पाला मांजरांच्या खेळण्यांत भरला जातो, आणि त्याची शेती केल्यास चांगला पैसा होईल अशी बोलवा अधूनमधून कानीं येते. तेव्हां मांजरास भुलविणारीं झाडें कोणतीं, त्यांत भुलविण्यासारखें काय असतें, आणि त्यापासून शेतकऱ्यास लाभ किती व धोका किती, याचा क्रमानें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

१. झाडाची ओळख

खोकली हें एरंडाच्या कुळांतील वर्षायु झाड. त्यास कोठें कुप्पी, कोठें खाजोटी असेंही म्हणतात. त्याचें शास्त्रीय नांव अ‍ॅकॅलिफा इंडिका असें असून तें लिनियस या स्वीडिश पंडितानें १७५३ सालीं दिलें. त्याच्याही पूर्वीं, मलबारांतील डच अधिकारी व्हॅन ऱ्हीड यानें स्थानिक वैद्यांच्या साह्यानें तयार करविलेल्या 'होर्टस मलबारिकस' या बारा खंडांच्या ग्रंथांत (१६७८ ते १६९३) हें झाड 'कुपामेनी' या नांवानें नोंदलेलें आहे. तमिळ मुलुखांत त्यास आजही 'कुप्पैमेनि' म्हणतात.

झाडाची उंची एक ते अडीच फूट. पानें अंडाकृति, कडेस करवतीसारखे दांते असलेलीं. पानाचा देंठ लांब, पुष्कळदां पानाच्या लांबीएवढा किंवा त्याहूनही अधिक असतो. त्यामुळें वरून पाहिलें असतां पानें एकमेकांवर सांवली न पाडतां बसविलेल्या फरशीप्रमाणें पसरलेलीं दिसतात. पानांच्या बगलांतून हिरवे उभे तुरे निघतात. तुऱ्याच्या शेंड्याकडे बारीक नरफुलें असतात. खालीं दातेरी कडांच्या लहान हिरव्या वाट्या असतात आणि त्या प्रत्येक वाटींत मादीफुलें बसलेलीं असतात. ही हिरवी वाटी खोकलीची सर्वांत पक्की खूण होय.

ही खूण ध्यानांत ठेवणें जरूर आहे, कारण कोवळेपणीं खोकली आणि रानांत आपोआप उगवणारा माठ व तांदुळजा यांची गल्लत होऊं शकते. माठाच्याही पानास लांब देंठ असतो. परंतु माठाच्या पानाची कड सरळ, तर खोकलीची दातेरी असते. आणि माठाच्या तुऱ्यास वाट्या नसतात. पावसाळ्यांत रानभाजी खुडून आणणाऱ्या बायामुलांस हा भेद एकदां प्रत्यक्ष दाखवून ठेवावा. तो कां, हें पुढें येईल.

खोकली मृगाच्या पावसानंतर उगवते. जेथें ओल टिकते, म्हणजे विहिरीची धाव, पाटाची कड, गोठ्याची मोरी, उकिरड्याची बाजू अशा ठिकाणीं ती हिंवाळ्यांतही हिरवी राहते. कपाशी, सोयाबीन, तूर यांच्या ओळींत ती तुरळक येते; हरळी किंवा लव्हाळ्याप्रमाणें पीक दाबून टाकण्याची तिची शक्ति नाहीं. खुरपणींत ती मुळासकट सहज निघते. तण म्हणून तिचें एवढेंच महत्त्व आहे.

२. नांवांतील मांजर

आपल्या मराठी नांवांत मांजर नाहीं. 'खोकली' हें नांव खोकल्यावरून पडलें. कारण कफ पाडण्यासाठीं तिचा उपयोग देशी वैद्यकांत होत आला आहे. परंतु इतर ठिकाणच्या लोकांनीं या झाडास नांव देतांना मांजराकडे पाहिलेलें दिसतें. तमिळमध्यें याचें आणखी एक नांव 'पूनैमयक्की' असें आहे; पूनै म्हणजे मांजर आणि मयक्की म्हणजे भुलविणारी. मलय देशांत यास 'कुचिंग गालाक' म्हणतात. तेथेंही कुचिंग म्हणजे मांजरच. मॉरिशस बेटांत एकोणिसाव्या शतकांत कोंकणपट्टींतून पुष्कळ मराठी कुटुंबें जाऊन स्थायिक झालीं. त्या बेटाच्या लोकभाषेंत याच झाडास 'लेर्ब शात', म्हणजे मांजरीचें गवत, असें म्हणतात. एकमेकांपासून इतक्या दूरच्या लोकांनीं एकाच झाडास मांजराचें नांव द्यावें, यावरून त्या सर्वांनीं एकच गोष्ट पाहिली होती हें उघड होतें.

येथें हिंदी व दखनी बोलींतील 'बिल्लीलोटन' या नांवाचाही खुलासा करणें इष्ट आहे. मांजर ज्यावर लोळतें तें, असा त्याचा अर्थ. यूनानी वैद्यकांत 'बादरंजबोया' म्हणून जें औषध अत्तारांच्या दुकानीं मिळतें, त्यास हेंही नांव लावतात. तें झाड तुळस-पुदिन्याच्या कुळांतील असून त्याचा विलायती कॅटनिपशीं जवळचा संबंध आहे. पण खोकली एरंडाच्या कुळांतील, बिल्लीलोटन पुदिन्याच्या कुळांतील. दोहोंचें कूळ निराळें, रूप निराळें. शिवाय बिल्लीलोटन हें नांव बाजारांत एकाहून अधिक झाडांस लावलें जातें. नांवावरून वस्तु विकत घेणारा फसतो. झाड पाहून घेणारा फसत नाहीं.

३. मांजर काय करतें

खोकलीचें ताजें मूळ धुऊन, किंचित् चेचून, वयांत आलेल्या मांजरापुढें टाकलें असतां पुढील प्रकार दृष्टीस पडतो. मांजर प्रथम हुंगतें. मग चाटतें, दातांनीं चावतें, मान हालवितें. त्यानंतर हनुवटी, गाल व डोकें त्यावर घासूं लागतें, आणि अखेर पाठीवर पडून या कुशीवरून त्या कुशीवर लोळतें. कित्येकांच्या तोंडास लाळ सुटते. कांहीं मुळी पुढल्या पंजांत धरून मागल्या पायांनीं लाथा झाडतात. सुमारें पांच ते पंधरा मिनिटांनीं हें सर्व ओसरतें आणि मांजर कांहींच घडलें नाहीं अशा थाटानें अंग चाटीत बसतें. तीच मुळी लगेच पुन्हां पुढें केली तरी तें तिकडे फिरकत नाहीं. मधें कांहीं काळ जावा लागतो.

कॅटनिपवर मांजराचें वर्तन असेंच होतें, व त्याचा अभ्यास अधिक झालेला आहे. त्यावरून चार गोष्टी निश्चित झाल्या आहेत.

पहिली : हा परिणाम नाकावाटे होतो, झाड पोटांत जाण्याची जरूरी नसते. मांजर पान चावतें तें खाण्यासाठीं नव्हे. चावल्यानें पान फाटतें आणि वास अधिक सुटतो.

दुसरी : सर्वच मांजरें भुलत नाहींत. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासांत १०० मांजरांपुढें निरनिराळीं झाडें ठेवण्यांत आलीं. कॅटनिपला तीनांपैकीं सुमारें दोन मांजरांनीं दाद दिली. जपानांत 'माताताबी' म्हणतात त्या वेलीस पांचांपैकीं सुमारें चारांनीं. आणि तगराच्या जातीच्या व्हॅलेरियन मुळास सुमारें निम्म्यांनीं. हा गुण बराचसा आनुवंशिक आहे, असें १९६२ सालीं नील टॉड या अभ्यासकानें दाखविलें होतें. म्हणून आपल्या घरचा बोका खोकलीकडे ढुंकूनही पाहत नसेल, तर त्यांत बोक्याचा दोष नाहीं व झाडाचाही नाहीं.

तिसरी : अगदीं लहान पिलांवर परिणाम होत नाहीं. पिलू तीन ते सहा महिन्यांचें झाल्यावर हा गुण प्रगट होतो. बोका असो वा भाटी, दोघांतही तो सारखाच आढळतो.

चौथी : हा गुण घरच्या मांजरापुरता नाहीं. सिंह व जग्वार हे कॅटनिपला चांगली दाद देतात, वाघ मात्र फारशी देत नाहीं. कुत्र्यांस व उंदरांस त्याचें कांहींच वाटत नाहीं.

४. वासाचें रहस्य

कॅटनिपच्या तेलांतील मुख्य द्रव्य 'नेपेटालॅक्टोन' हें अमेरिकेंतील विस्कॉन्सिन विद्यापीठांत सॅम्युएल मॅकेल्वेन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९४१ सालीं वेगळें काढलें. खोकलीच्या मुळाचा उलगडा मात्र अलीकडे झाला, आणि तोही एका व्यावहारिक गरजेपोटीं. हिंदी महासागरांत ऑस्ट्रेलियाच्या सत्तेखालीं जीं लहान बेटें आहेत, तेथें माणसांबरोबर गेलेलीं मांजरें रानटी होऊन स्थानिक पक्ष्यांचा व प्राण्यांचा फडशा पाडूं लागलीं. त्यांस सांपळ्याकडे ओढील असें आमिष शोधतांना पश्चिम ऑस्ट्रेलियांतील अभ्यासकांचें लक्ष खोकलीच्या मुळाकडे गेलें. २०१६ सालीं त्यांनीं त्या मुळांतील मांजरास ओढणारीं दोन द्रव्यें ओळखून प्रसिद्ध केलीं : आयसोडायहायड्रोनेपेटालॅक्टोन आणि आयसोइरिडोमिरमेसिन. नांवें लांबलचक असलीं तरी तात्पर्य सोपें आहे. खोकली व कॅटनिप यांचें कूळ निराळें असूनही दोघींनीं एकाच घराण्याचीं सुगंधी द्रव्यें बनविलीं आहेत, आणि मांजराचें नाक त्या दोहोंस सारखेंच ओळखतें.

आतां प्रश्न असा कीं, मांजरानें त्यांत लोळावें कां? जपानांतील इवाते विद्यापीठाचे मासाओ मियाझाकी व रेइको उएनोयामा यांनीं सहकाऱ्यांसह २०२१ सालीं याचें उत्तर दिलें. माताताबीच्या पानांतील द्रव्याचा वास घेतल्यावर मांजराच्या रक्तांत 'बीटा-एंडॉर्फिन' वाढतें. हें द्रव्य शरीर स्वतःच बनवितें व त्यानें सुखाची भावना होते. अफूवर उतारा म्हणून वापरलें जाणारें औषध मांजरास आधीं टोंचलें, तर तें घासणें-लोळणें बंद पडतें. म्हणजे सुख बाहेरून आंत जात नाहीं. तें मांजराच्या अंगांतलेंच असतें व वास तें जागें करतो.

परंतु या शोधाचा खरा कळस पुढेंच आहे. ज्या मांजरांनीं डोकें व तोंड त्या द्रव्यावर घासलें होतें, त्यांच्यावर डांस कमी बसले. लपून दबा धरून शिकार करणाऱ्या प्राण्यास डांस चावत असतां स्थिर बसणें कठीण. तेव्हां अंगास झाडाचा वास चोळून घेण्याची ही खोड त्यास उपकारक ठरली असली पाहिजे. २०२२ सालीं त्याच अभ्यासकांनीं असेंही दाखविलें कीं, मांजरानें चावून फाडलेल्या पानांतून तीं द्रव्यें कितीतरी अधिक प्रमाणांत बाहेर पडतात. ज्यास आपण मांजराचें खूळ म्हणत आलों, तें मुळांत शहाणपण निघालें. धुळींत अंघोळ करणारी कोंबडी व चिखलांत बसणारी म्हैस यांचेंही असेंच आहे. कीटकांपासून बचाव हा त्या सवयींचा एक हेतु असतो.

५. मावा आणि मांजर

शेतकऱ्यांस या विषयांतील सर्वांत नवलाची वाटेल अशी गोष्ट निराळीच आहे. इंग्लंडांतील रॉथॅमस्टेड या जुन्या शेतकी संशोधन केंद्रांत १९८७ च्या सुमारास असें आढळून आलें कीं, माव्याच्या मादीनें नरास बोलावण्यासाठीं सोडलेला गंध हा नेपेटालॅक्टोन व त्याच्याच जवळच्या द्रव्याचा असतो. म्हणजे जें द्रव्य मांजरास लोळवितें तेंच माव्याचें आमंत्रण आहे! झाडांनीं व किडींनीं तें स्वतंत्रपणें साधलें आहे.

याचा आपल्या करडईवरील माव्यासाठीं उपयोग होईल काय, असा विचार सहज मनांत येईल. येथें उतावीळ होऊन चालणार नाहीं. थंड देशांत शरद ऋतूंत माव्यांत नर व माद्या निपजतात व त्यांचा संयोग होतो. आपल्यासारख्या उष्ण प्रदेशांत मावा बहुधा नरावांचूनच वाढतो. मादी थेट जिवंत पिलें देत जाते आणि म्हणूनच आठ दिवसांत शेंडे काळे पडतात. जेथें नराचें कामच नाहीं तेथें नरास भुलविणारा गंध लावून काय साधणार? मात्र माव्याचे कांहीं शत्रु, जसे हिरव्या जाळीदार पंखांच्या कांहीं जातींचे कीटक व माव्याच्या अंगांत अंडीं घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्या, हे या गंधाच्या अनुरोधानें माव्याचा माग काढतात, असें परदेशांतील प्रयोगांत दिसून आलें आहे. हा मार्ग आशेचा आहे, परंतु तो अजून प्रयोगशाळेच्या व प्रयोगक्षेत्राच्या पलीकडे आपल्या शेतांत आलेला नाहीं.

तोंवर करडईच्या माव्यावर आपले जुने उपायच खरे. पेरणी लांबवूं नये. उशिरा पेरलेल्या करडईवर मावा अधिक येतो. मावा प्रथम शेताच्या कडेच्या ओळींवर दिसतो, तेव्हां तेथें लक्ष ठेवावें. आरंभींच पांच टक्के निंबोळी अर्काची फवारणी करावी. ढालकिडे व जाळीदार पंखांचे किडे दिसत असल्यास कडक विषाची घाई करूं नये. परभणीच्या कृषि विद्यापीठांत, जें १८ मे १९७२ रोजीं स्थापन झालें व २०१३ पासून वसंतराव नाईक यांचें नांव धारण करतें, करडईवर पुष्कळ काम झालेलें आहे. वाण व फवारणी यांबाबत तेथील सल्ला घ्यावा.

६. धान्याचें कोठार, उंदीर आणि मांजर

मांजर शेतकऱ्याच्या घरीं आलें तें कौतुकासाठीं नव्हे, कणगींतल्या दाण्यासाठीं. तेव्हां खोकलीची मुळी कोठारांत टाकून मांजर तेथें राहतें ठेवतां येईल काय, ही कल्पना कोणासही सुचेल. वर सांगितलेंच आहे कीं भूल पाव घटकेंत उतरते. मुळीनें मांजर कोठारांत येईल. पण तिथें रात्र काढणार नाहीं. मांजर टिकतें तें पाणी, निवारा, थोडें दूध-भाकरी आणि उंदीर यांवर.

मांजराच्या पराक्रमाविषयींही वाजवी अपेक्षा ठेवावी. न्यूयॉर्क शहरांत कचऱ्याच्या एका केंद्रावर अभ्यासकांनीं ७९ दिवस कॅमेरे लावून ठेवले. त्या काळांत तेथील मोकाट मांजरांनीं अवघे २ मोठे उंदीर मारले. ही संख्या २०१८ सालीं प्रसिद्ध झाली. मात्र मांजर आसपास असतां उंदीर बिळाबाहेर कमी पडत, असेंही त्यांत दिसलें. घरांतील लहान उंदीर मांजर चांगला मारतें. परंतु किलोभर वजनाच्या घुशीच्या वाटेस सहसा जात नाहीं. उंदीर दिसेनासे झाले म्हणजे संपले, असें समजून स्वस्थ बसणारा शेतकरी डोळे मिटून दूध पिणाऱ्या मांजराहून शहाणा नव्हे.

धान्य वांचविण्याचे खरे उपाय असे : पोतीं भिंतीपासून हातभर दूर व लांकडी फळ्यांवर रचावीं, शक्य तेथें पत्र्याच्या कोठ्या वापराव्या, दारांच्या खालच्या फटींस पत्रा ठोकावा, बिळें दगड-सिमेंटानें बुजवावीं, बांध रुंद व झुडपी न ठेवतां अरुंद व स्वच्छ ठेवावे, कारण शेतांतील उंदीर बांधांतच बीळ करतो व कणसें तेथेंच साठवितो. हें सर्व करून मग मांजर असावें. तें पहारेकरी आहे, तटबंदी नव्हे.

विषाबाबत एक इशारा द्यावयाचा आहे. ब्रोमॅडिओलोनसारख्या, रक्त गोठूं न देणाऱ्या विषाचें आमिष खाऊन उंदीर तत्काळ मरत नाहीं. दोन-चार दिवस सुस्त फिरतो. असा उंदीर मांजराच्या व घुबडाच्या सहज हातीं लागतो व तेंच विष त्यांच्या पोटांत जातें. ज्या घरीं मांजर आहे तेथें आमिष बंद पेटींत ठेवावें आणि मेलेले उंदीर रोज सकाळीं गोळा करून खोल पुरावे.

खोकलीचा एक खरा उपयोग मात्र आहे, आणि तो ऑस्ट्रेलियाच्या उदाहरणावरूनच सुचतो. गांवांत मोकाट मांजरें वाढतात. तीं धान्य राखीत नाहींत, कोंबडीचीं पिलें नेतात, आणि पिसाळल्या जनावराच्या चाव्यानें त्यांसही रेबीज होतो. अशीं मांजरें लस टोंचण्यासाठीं किंवा निर्बीजीकरणासाठीं धरणें अवघड जातें. पिंजऱ्यांत खाद्याबरोबर खोकलीची ताजी, चेचलेली मुळी ठेवून पाहण्यास खर्च कांहींच नाहीं. मांजर धरल्यावर मात्र तें पशुवैद्याच्याच स्वाधीन करावें. उघड्या हातानें हाताळूं नये.

७. पोटांत घेण्याचा धोका

आतां आम्ही या लेखाच्या सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे येतों. खोकलीच्या पाल्याचा रस खोकल्यावर, जंतांवर, लहान मुलांच्या कफावर देण्याची चाल जुनी आहे. जुनी चाल म्हणून तिचा उपहास करण्याचें कारण नाहीं. तथापि तिच्यांत एक धोका आहे, आणि तो जीव घेण्याइतका असूं शकतो.

कित्येक माणसांच्या रक्तपेशींत जन्मतःच एक रक्षक द्रव्य कमी असतें. डॉक्टर त्यास जी-सिक्स-पीडीची उणीव म्हणतात. ही उणीव पिढीजात असून पुरुषांत अधिक आढळते, आणि भारतांतील अनेक समाजांत ती कमीअधिक प्रमाणांत आहे. असा माणूस दिसण्यांत धडधाकट असतो. त्यास स्वतःस कांहीं ठाऊक नसतें. पण विशिष्ट औषध किंवा वनस्पति पोटांत गेली कीं त्याच्या रक्तपेशी झपाट्यानें फुटूं लागतात. श्रीलंकेंत खोकलीच्या पानांची पेज किंवा काढा घेण्याची चाल आहे. तेथील डॉक्टरांनीं १९९४ व १९९६ सालीं अशा रुग्णांच्या हकीकती प्रसिद्ध केल्या, त्यांत खोकली घेतल्यानंतर रक्तपेशी फुटून रुग्ण गंभीर आजारी झाल्याचें दिसतें.

खुणा अशा : लघवी काळपट तांबडी, चहाच्या रंगाची होणें, डोळे पिवळे पडणें, धाप लागणें, ओठ व नखें निळसर दिसणें, अतिशय थकवा. झाडपाल्याचा रस घेतल्यावर दोन-तीन दिवसांत यांपैकीं कांहीं दिसल्यास घरगुती उपाय करीत न बसतां रुग्णास थेट मोठ्या दवाखान्यांत न्यावें, काय दिलें तें न लाजतां सांगावें, आणि शक्य तर त्या झाडाची डहाळी सोबत न्यावी. डॉक्टरास झाड ओळखतां आलें तर अर्धें काम होतें.

खोकलीत 'अ‍ॅकॅलिफिन' नांवाचें एक द्रव्य असून त्यापासून सायनाइड सुटतें. कोवळी, पावसाच्या ताणांत वाढलेली ज्वारी खाऊन गुरें कां फुगून तडकाफडकी मरतात, हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस या विषाची अधिक ओळख करून देण्याची गरज नाहीं; ज्वारींतही त्याच जातीचें विष असतें. एखाददुसरें झाड गवतांत आलें तर घाबरूं नये. परंतु खुरपलेल्या खोकलीचा भारा शेळ्यांपुढें किंवा सशांपुढें टाकूं नये. आणि लहान मुलास अंदाजपंचें रस पाजणें तर सर्वथा टाळावें.

८. कॅटनिपची लागवड करावी काय

कॅटनिप, म्हणजे नेपेटा कॅटारिया, हें पुदिन्याच्या कुळांतील बहुवर्षायु झाड यूरोपापासून काश्मीर-हिमालयापर्यंतच्या थंड मुलुखांतलें. त्यास निचऱ्याची हलकी जमीन व सौम्य ऊन मानवतें. आपली जमीन भारी काळी, पावसाळ्यांत पाणी धरणारी. आणि चैत्र-वैशाखांत पारा ४० अंशांवर जाणारा. तेव्हां येथें तें बहुवर्षायु पीक म्हणून नव्हे, तर फार तर दसऱ्याच्या सुमारास पेरून होळीपूर्वीं कापावयाचें थंडीचें झाड म्हणून, उंच वाफ्यावर वा कुंडींत घ्यावें लागेल. बी अतिशय बारीक असतें. तें खोल पेरूं नये. रोपें लावल्यास वर जाळी घालावी, नाहींतर गल्लींतलीं मांजरें एका रात्रींत वाफा सपाट करतील. पेरलेल्या कॅटनिपचा मांजरास पत्ता लागत नाहीं व लावलेलें मात्र तें उखडतें, असा यूरोपांतील माळ्यांचा जुना अनुभव आहे. लावतांना पान चुरगळतें व वास सुटतो, हें त्याचें कारण.

परंतु पीक येणें ही एक गोष्ट, आणि तें विकलें जाणें ही दुसरी. कॅटनिपला हमीभाव नाहीं. आपल्या मोंढ्यांत त्याचा कांटा नाहीं. ग्राहक म्हणजे शहरांतील मांजर पाळणारे, आणि त्यांस वर्षाकाठीं लागणारा पाला मूठभर. जो माणूस महाग बी-रोप देऊन 'माल आम्हीच परत घेऊं' असें सांगत दारीं येतो, त्याच्याविषयीं आपल्या लोकांनीं पुरेसा अनुभव घेतलेला आहे. सफेद मुसळीच्या वेळीं हेंच झालें. इमू पक्ष्यांच्या वेळीं, २०१२ च्या सुमारास, हेंच झालें. पहिल्या वर्षीं विकणारा धनी होतो, दुसऱ्या वर्षीं घेणारा नाहींसा होतो.

म्हणून अशा कोणत्याही पिकाबाबत तीन प्रश्न विचारावे. गेल्या हंगामांत हा माल प्रत्यक्ष कोणी, कोठें, काय भावानें घेतला? परत घेण्याचा करार मुद्रांकावर आहे काय, व मोडल्यास दाद कोठें मागावयाची? आणि, बी न घेतां केवळ माल विकावयाचा म्हटलें तर हाच माणूस तो घेईल काय? तिसऱ्या प्रश्नावर जो अडखळतो, त्याचा धंदा माल घेण्याचा नसून बी विकण्याचा आहे, हें समजावें. एवढ्यावरही कोणास हौस असेल तर त्यानें एक वाफा लावून पाहावा. कपाशी-तुरीचें रान त्यासाठीं मोडूं नये.

९. मुलांसाठीं एक प्रयोग

शास्त्र म्हणजे काय हें घरांतील शाळकरी मुलांस शिकविण्यास खोकलीसारखें स्वस्त साधन नाहीं. भाद्रपदांत खोकलीचीं दोन-तीन झाडें मुळासकट उपटून मुळ्या धुवाव्या. तेवढ्याच जाडीच्या तरोट्याच्या मुळ्याही घ्याव्या. दोन्ही सारख्याच चेचून दोन सारख्या कापडांत बांधाव्या. घरचें व शेजारचें मिळून चार-पांच मोठीं मांजरें पाहावीं. एका वेळीं एकच मांजर, निवांत जागीं. कोणत्या पुरचुंडींत काय आहे हें नोंद करणाऱ्या मुलास सांगूं नये. मांजरानें हुंगलें, चाटलें, घासलें कीं लोळलें, आणि किती मिनिटें, हें वहींत लिहावें. मग पुरचुंडी काढून घ्यावी. मांजरास मुळी गिळूं देऊं नये. आठ दिवसांनीं हाच प्रयोग पुन्हां करावा. शेवटीं सर्वांनीं हात साबणानें धुवावे.

तरोट्याची पुरचुंडी कशासाठीं, असें मुलें विचारतील. तेंच त्या प्रयोगाचें मर्म आहे. नव्या कोणत्याही वस्तूस मांजर हुंगतेंच. खोकलीचा गुण तेव्हांच सिद्ध होतो, जेव्हां दुसऱ्या मुळीवर तें लोळत नाहीं. नवें खत, नवें औषध, नवें वाण घेतांना शेजारीं एक तास जुन्या पद्धतीचा राखून ठेवावा, असें जें आम्ही वारंवार लिहितों, त्याचाही अर्थ हाच. तुलनेवांचून पाहिलेला गुण हा पुष्कळदां पाहणाराच्या इच्छेचा गुण असतो.

सारांश, खोकली हें पिकास फारसें न छळणारें तण आहे. मांजरास क्षणभर सुख देणारें व डांसांपासून राखणारें द्रव्य बाळगणारें झाड आहे. आणि माणसाच्या पोटांत अविचारानें गेल्यास घातक ठरणारें औषधही आहे. एकाच झाडाचे हे तीन चेहरे आहेत. खुरपणींत तें हातीं लागेल तेव्हां हिरवी वाटी पाहून त्याची ओळख पटवावी, घरांतील बायामुलांस ती दाखवावी, आणि मगच तें उकिरड्यावर टाकावें. मांजर तेथें पोंचलेंच, तर त्यास पाव घटका लोळूं द्यावें.